शीळ कोणी घातली?

मनालीच्या मॉल रोडला खेटून वनविहार आहे. एका अंगाला बाजार, दुसऱ्या अंगाला बियास, मध्ये देवदार. मे महिन्यात इथे पाखरांच्या आवाजापेक्षा मराठीच जास्त कानावर पडते. बरीचशी मंडळी अंगोरा ससा कडेवर घेऊन फोटो काढण्यात गुंतलेली असतात. उरलेली, गळ्यात दुर्बीण दिसेल त्याच्याभोवती जमतात.

"काय दिसतंय?" एका काकांनी मला विचारलं.

नदीतल्या धोंड्यावर प्लंबियस रेडस्टार्टचा नर बसला होता. पाटीसारखा निळसर करडा, विटकरी शेपूट सारखी उघडमीट करणारा. काकांनी दुर्बीण लावली.

"चिमणीएवढाच की हो! एवढे पैसे भरून आलो, निदान कावळ्याएवढा तरी दाखवा."

तेवढ्यात देवदारावरून ब्लू मॅगपाय तरंगत गेला. पिवळी चोच, शेपूट अंगाहून लांब. "हां, हा वसूल!" काकांनी पावती फाडली.

मग ब्राऊन डिपर आला आणि कोणाला काही कळायच्या आत फेसाळत्या पाण्यात शिरला.

"अगं बाई, बुडाला!" काकू किंचाळल्या.

बुडाला नव्हता. हा पक्षी पाण्याखाली जाऊन तळाशी किडे शोधतो. काही क्षणांनी तो चोचीत अळी धरून वर आला, तेव्हा काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "बर्फाचं पाणी आहे ते. आणि आमच्या ह्यांनी गीझर बिघडला म्हणून परवापासून अंगाला पाणी लावलेलं नाही."

एवढ्यात लांबलचक, लडिवाळ शीळ आली. काका गर्रकन वळले. मागच्या बाकावर हनिमूनचं जोडपं होतं.

"बायकामाणसं आहेत इथं! शीळ कोणी घातली?"

नवरदेवाचा चेहरा उतरला. मी घाईघाईने पलीकडच्या खडकाकडे बोट दाखवलं. तिथे ब्लू व्हिसलिंग थ्रश होता: काळपट निळा, पिवळ्या चोचीचा. नदीच्या खळखळाटावर मात करायची तर आवाज असाच चढा आणि धारदार लागतो. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांवर शीळ घालणारा मलबारी कस्तूर याचाच भाऊबंद.

दुर्बीण हातोहात फिरली. पाखराने सगळ्यांदेखत पुन्हा शीळ घातली आणि नवरदेव निर्दोष सुटला.

नवरी मात्र हिरमुसली. "म्हणजे मघाशी ती तुम्ही नव्हती घातलीत?"