दोरीवरचा सीझन

मार्च लागला की लोणावळ्यात, आमच्या तुंगार्लीत कपडे दोन तासांत कडकडीत वाळतात. जून ते सप्टेंबर हीच दोरी आम्ही मधल्या खोलीत पंख्याखाली बांधतो आणि तरीही मोजे तिसऱ्या दिवशी दमटच लागतात. मार्चच्या उन्हाचं आम्हाला केवढं अप्रूप, ते पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तर परवा रविवारी मी यांचे धावायचे टी-शर्ट एकदम धुवायला काढले. चौथ्याला चिमटा लावतेय तोवर मेंदीच्या कुंपणापलीकडून काकूंचं डोकं वर आलं.

"दुकान टाकलंस काय गं?"

काकू सकाळपासून अंगणातच होत्या. त्यांचं वाळवण सुरू झालंय. अंगणाला चांगलाच उतार आहे, आणि उताराच्या पार टोकाला, जिथे ऊन सर्वांत जास्त वेळ टिकतं, तिथे बाज. बाजेवर जुनं पातळ, पातळावर कुरडया. हातात माकडांसाठी काठी. कुरडया राखणं हे बसून करायचं काम, आणि बसून करायच्या कामाला तोंडाची सोबत लागते.

"सातारा, पुणे, मुंबई आणि हा आपला इथला," मी म्हटलं. "सीझन संपला यांचा."

"संपला? म्हणजे पहाटे साडेचारला तुमच्या फाटकाची कडी वाजायची नाही आता?"

"एप्रिलपासून परत वाजेल."

"मग संपला काय म्हणतेस!"

हे ज्या क्लबाबरोबर धावतात, तो क्लब आपला म्हणायचा. त्याला पाटी नाही, ऑफिस नाही. व्हॉट्सअॅपवर पंचवीस-तीस माणसांचा गट आहे आणि वळवणच्या बाजूला एका बंद टपरीसमोर पहाटे पाचला जमायचं, एवढाच काय तो नियम. बँकेतले आमचे हे, शाळेतले इतिहासाचे सर, एक चिक्कीवाले, दोन डॉक्टर (दोघे एकमेकांचे गुडघे बघतात, असं काकूंचं म्हणणं) आणि कुरवंड्याचा एक पोरगा. तो एका बंगल्यावर माळीकाम करतो आणि सगळ्यांत जोरात पळतो. पण त्याचं पळणं वेगळं. पोलिसभरतीच्या मैदानीला मुलांना सोळाशे मीटर धावावं लागतं, तो त्याच्या मागे आहे. बाकीचे एकवीस किलोमीटर धावून फोटो टाकतात. याच्या सोळाशे मीटरवर घरात पगार यायचा की नाही ते ठरणार.

"झाली का गं त्याची मैदानी?" काकूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण माहीत असलेलंही दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यांना ते पक्कं वाटतं.

"झाली. लेखी राहिलीये."

"तरीच परवा झाडाला पाणी घालता घालता पाढे म्हणत होता. मला वाटलं, बाधलं बिधलं की काय पोराला."

मग त्यांनी काठीनेच पहिल्या टी-शर्टकडे बोट केलं. "हा कुठला? यानंतरच तुझा नवरा जिना उलटा उतरत होता ना?"

काकूंचं स्वयंपाकघर आमच्या जिन्यासमोर येतं, त्यामुळे आमच्या घरात लपून राहिलेलं असं काहीच नाही. तो साताऱ्याचा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली आणि तीनच वर्षांत गिनीज बुकात जाऊन बसली, डोंगरावर एका वेळी सर्वांत जास्त माणसं धावली म्हणून. पोलिस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, निम्म्यावरून वळायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. आमच्या मंडळींना चढाची काय भीती! जुलैत भुशी डॅमवर पर्यटक उतरायच्या आत, भर पावसात, यांनी लायन्स पॉइंटपर्यंत कितीदा तरी लाँग रन काढलेली. हे घाट चढले ते अगदी घड्याळ लावल्यासारखे. पण वर वळण घेतलं, समोर खाली जाणारा रस्ता दिसला, आणि यांनी स्वतःला सोडून दिलं. दोनशे माणसं मागे टाकली म्हणे. कॅमेरेवाल्याला हातसुद्धा केला. मैदानावर आले तेव्हा वेळ फर्स्ट क्लास आणि मांड्यांचा पार लगदा.

पुढचे चार दिवस कठडा धरून, पाठ खाली करून एकेक पायरी. दोनपैकी एका डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणता ताणताच त्याला अंगाचा भार रोखून धरावा लागतो. त्यात त्याचे धागे दुखावतात. दम लागत नाही, म्हणून माणसाला वाटतं सगळं छान चाललंय. दुखणं उपटतं ते दुसऱ्या दिवशी.

"रात्रभर कण्हत होता," काकू म्हणाल्या. "खिडकी लावून घेतली मी शेवटी."

"खेकड्यासारखा," व्हरांड्यातून आवाज आला.

आमचे अण्णा. माझे सासरे. ब्याऐंशी वर्षं, त्यांतली नोकरीची सगळी रेल्वेत, आणि रेल्वेतली बहुतेक या घाटात. पेपर तोंडासमोर धरून ते गप्पा ऐकतात आणि रेल्वेचा विषय निघाला की पेपर खाली येतो. रेल्वेचा नाही निघाला तर ते काढतात.

खेकडा म्हणजे घाटातलं जुनं विजेचं इंजिन. बोरघाटाची लाइन विजेवर गेली तेव्हापासूनचं, लांब नाकाडाचं, चालताना डुलणारं आणि उभं राहिलं की कण्हणारं. अण्णा नोकरीला लागले तेव्हा खेकडे म्हातारे झाले होते, तरी ओढत होते. बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपल्या पायाला तो काहीच नाही, पण लोखंडाच्या चाकाला लोखंडाच्या रुळावर तो फार होतो. म्हणून कर्जतला गाडीच्या ढुंगणाशी बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; कर्जतचा वडा खाताना खिडकीतून धक्का जाणवतो तो त्याचाच.

"चढायला बँकर मिळतो," अण्णा म्हणाले. "उतरायला कोण येतंय? खाली जाणारी गाडी आधी उभी करतात, ब्रेक तपासतात, मग सोडतात. तरीही नाही आवरली तर बाजूला कॅच साइडिंग आहे. मेन लाइन सोडून चढावर घुसवायची नि थांबवायची. इंग्रज काय खुळा होता एवढा खर्च करायला? आणि खेकड्याची गंमत सांगू का वहिनी, उतरताना त्याच्या मोटरी उलट्या वीज करायच्या. ब्रेकचा ब्रेक, आणि झालेली वीज परत तारेत. हा आमचा हिरो घाटातून खाली आला काय, नि ब्रेक घरी ठेवून आला काय."

हे आतून म्हणाले, "अण्णा, सहा महिने झाले त्याला." कोणी लक्ष दिलं नाही.

पुण्याच्या टी-शर्टवर फार बोलण्यासारखं नव्हतं. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासूनची, डिसेंबरचा पहिला रविवार, सपाट शहर. त्या रात्री दोन वाजता टेम्पो ट्रॅव्हलर आमच्या दारात हॉर्न वाजवत उभी राहिली, ती काकूंनी अजून माफ केलेली नाही. शिवाय परत येताना लोकलने आलेल्या तिघांना गळ्यातल्या मेडलसकट झोप लागली. लोणावळा शेवटचं स्टेशन म्हणून बरं, सफाईवाल्याने उठवलं. ही बातमी मला काकूंकडून कळली, यांच्याकडून नाही.

मुंबईची हकिगत जरा मोठी. २००४ पासून दर जानेवारीत सगळ्या देशाचे पळणारे मुंबईत जमतात. हाफवाल्यांना माहीमहून सोडतात. सी-लिंकवरून, वरळी, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह करत सीएसएमटीकडे यायचं. पेडर रोडच्या चढाचं मुंबईकरांनी इतकं नाव करून ठेवलंय की आमची मंडळी महिनाभर आधीपासून हसत होती. तो चढ म्हणजे आमच्या खंडाळ्याच्या एखाद्या बंगल्याचा ड्राइव्ह-वे. पण हसू घामात गेलं. इथे सव्वासहाशे मीटरवर डिसेंबर-जानेवारीत पहाटे हातमोजे घालून धावलेली माणसं समुद्राच्या दमट हवेत अशी उकडून निघाली की पेडर रोडला पोचेपर्यंत बटाटेच झाले होते. चिक्कीवाल्यांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की आणली होती. बाकीच्यांच्या जवळ ती पिशवीतली परदेशी जेल, चिकट आणि महाग. चिक्की ही मुळात घाटातल्या रेल्वेच्या मजुरांसाठी गुडदाणी म्हणून निघाली असं इथले जुने लोक सांगतात. तेव्हा ती धावणाऱ्याला का चालू नये? चालली. फक्त पंधराव्या किलोमीटरला तोंड कोरडं असताना शेंगदाण्याचा चुरा घशात गेला आणि स्वतः चिक्कीवालेच दोन मिनिटं खोकत उभे राहिले.

"ही बातमी दुकानात सांगू नका म्हणाले असतील," काकू म्हणाल्या.

"म्हणाले."

"मी कुठे सांगतेय."

त्याच प्रवासात टेम्पोमध्ये इतिहासाच्या सरांनी एक गोष्ट सांगितली, ती मी काकूंना सांगितली, कारण मला ती फार आवडली आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याचे खेळ झाले. अध्यक्ष होते दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बरेचसे शेतकरी, अनवाणी, शिकवणी कसली नाही. तरी त्यांच्या वेळा पाहून टाटा चकित झाले. युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या होत्या. गव्हर्नर पाहुणे आले होते, त्यांच्याशी बोलणं काढलं, पैसे उभे केले आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानची माणसं पाठवली. त्यांत बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनला ते एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं आणि ४५ सेकंदांत. आणि तिथली मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. सर म्हणतात, आजही आपल्या गटातल्या एकालाही ती वेळ जमायची नाही, बूट कितीचेही घाला.

"म्हणजे धरणवाले टाटा?" काकूंनी विचारलं.

तेच. वळवणचं धरण, लोणावळ्याचं, शिरवट्याचं. या धरणांचं पाणी पाइपातून घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, ती टाटांचीच कंपनी. अण्णांना हे ऐकून भलता आनंद झाला. पेपर पुरता खाली आला. "बघा! पाणी उतारावर मोकळं नाही सोडलं त्यांनी. पाइपात घातलं. तिथेही काम घेतलं उताराकडून." मग उत्साहाच्या भरात त्यांनी खोपोलीच्या पाइपापासून खेकड्याच्या मोटरीपर्यंत सगळं एकत्र करून यांच्या मांड्यांवर आणून सोडलं. हे तोवर मागच्या दाराने दूध आणायला निघून गेले होते.

राहिला चौथा टी-शर्ट. इथे टाटांच्याच नावाची अल्ट्रा होते, ५० आणि ३५ किलोमीटरची, भल्या पहाटे अंधारात सुटणारी, सगळी घाटमाथ्याच्या चढउतारांवर. दक्षिण आफ्रिकेची कॉम्रेड्स धावायची स्वप्नं असलेले लोक तिला मुद्दाम येतात. ती कॉम्रेड्स १९२१ पासूनची, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये, नव्वदेक किलोमीटर, बारा तासांची मुदत. ते पीटरमारित्झबर्ग साधारण आपल्या लोणावळ्याच्याच उंचीवर आहे, आणि डर्बन समुद्रकाठी. एका वर्षी समुद्राकडून वर धावतात, दुसऱ्या वर्षी वरून समुद्राकडे. आणि धावून आलेले सांगतात की उताराचं वर्ष जास्त मारतं.

"आफ्रिकेतल्या लोकांना कळतं," अण्णा म्हणाले.

यांनी ३५ ला नाव घातलं तेव्हा अण्णा महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य बोलायचे. पावलं लहान टाक. पायाखाली बघू नकोस, पुढे बघ, पण पावलं लहान. शर्यतीच्या दिवशी कुरवंड्याचा पोरगा पाण्याच्या टेबलावर मदतीला होता. त्याने सांगितलं की शेवटच्या उतारावर सगळे धडाधड सुटलेले आणि हे आपले एकटे, टुकटुक टुकटुक, नव्या सुनेसारखे. शंभरएक जण पुढे गेले. हे आले ते साताऱ्याच्या मानाने फारच मागे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ तोंडाने जिना उतरून बँकेत गेले.

"ते पाहिलं मी," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बरा दिसतोय. पळालाच नाही की काय."

मग त्या पळण्यावर घसरल्या. पैसे भरून धावायचं, टी-शर्ट आणायचा, तो धुवायला परत बायकोच. आमच्या वेळी पळण्याचं असं कौतुक नव्हतं, डोक्यावर हंडा घेऊन बायका हा चढ चढायच्या, त्यांना कोणी मेडल… 

आणि बोलता बोलता त्यांची मान वळली. तुंगार्लीतली माकडं आवाज करून येत नाहीत. एक मोठा हुप्प्या बाजेच्या कडेला निवांत बसला होता, मांडीवर कुरडयांचा गठ्ठा घेऊन, आणि एकेक मोडून खात होता. दोन पिल्लं पातळाखाली शिरली होती.

"मेल्या!"

काकूंनी पदर खोचला, काठी उगारली आणि अंगणाच्या उतारावरून अशा काही सुटल्या की चपला दोन्ही वरच राहिल्या. माकड क्षणभर थांबून त्यांच्याकडे बघतच राहिलं. आमच्या व्हरांड्यात पेपर धाडकन खाली पडला आणि अण्णा कठड्यावर हात टेकून उभे राहिले.

"वहिनी!" ते ओरडले. "पावलं लहान! पावलं लहान!"