चढ नसलेला मुलूख

पुण्याचे सायकलवाले आणि सांगलीचे सायकलवाले ही दोन वेगळ्या धर्मांची मंडळी आहेत. पुण्याचा माणूस पहाटे चारला उठतो, अंगाला चिकटलेले कपडे घालतो, सिंहगड नाहीतर खंबाटकी चढतो आणि पुढचे आठ दिवस ते ऐकवतो. सांगलीचा माणूस सायकलवर बसतो आणि पोचतो. सांगण्यासारखं मध्ये काही घडतच नाही.

याला जबाबदार कृष्णा नदी. महाबळेश्वरात ती साडेतेराशे मीटरच्या आसपास निघते आणि वाई येईपर्यंत निम्मी उंची उधळून मोकळी होते. मग बापजाद्यांचा पैसा तरुणपणीच उडवलेल्या माणसासारखी उरलेल्या उंचीवर काटकसरीनं दिवस काढते. कराडच्या पुढं तिला उतरायची घाई नाही. वळणं घेत, गाळ पसरत, प्रत्येक गावाच्या देवळाशी थांबल्यासारखं करत ती सांगलीकडं येते. तिनं पसरलेल्या या काळ्या सपाटीवर आम्ही पिढ्यानपिढ्या सायकली हाणतो. इथं दूधवाल्याच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी किटल्या असतात आणि जनावरांसाठी उसाचं वाडं नेणाऱ्याच्या सायकलवर एवढा भारा असतो, की समोरून बघताना वाडंच चालत आलंय असं वाटतं. यातल्या कुणाला आपण व्यायाम करतोय याची कल्पना नाही.

आमचा मेव्हणा पुण्याचा. दिवाळीनंतर येणार म्हणून त्यानं आधी फोन केला.

“भाऊजी, राइडचं ठरवा काहीतरी. औदुंबर ते नरसोबाची वाडी कसं वाटतं? रूटवर घाट किती?”

“तीन,” मी म्हणालो. “औदुंबर, भिलवडी आणि वाडी.”

“वा! चढ कसाय?”

“पायऱ्या आहेत.”

पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

तो आला तो गाडीच्या टपावर सायकल बांधून. कार्बनची फ्रेम, दोन बोटांवर उचलता येईल अशी. औदुंबराच्या देवळाबाहेर आम्ही ती उतरवली तेव्हा कट्ट्यावरचे एक आजोबा उठून आले. त्यांनी सायकलीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग किंमत विचारली. मेव्हण्यानं ती सांगताना आवाज जरा खाली आणला, पण आजोबांना ऐकू आली.

“स्टँड न्हाई,” आजोबा म्हणाले. “कॅरिअर न्हाई. मडगार्ड न्हाई. घंटी बी न्हाई. मग पैसं कशाचं घेतलं?”

मेव्हण्यानं वजन कमी असण्याचे फायदे समजावून सांगितले. आजोबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या सायकलीच्या सीटवर थाप मारून म्हणाले, “ही बरी हाय.” माझ्या सायकलीला गिअर एकच आहे. तोही बदलावा असं तिला कधी वाटलेलं नाही.

या खोऱ्याला सायकलीचं कौतुक नवं नाही, हे मेव्हण्याला सांगायला हवं होतं. पलूसकडं हात करून मी सांगितलं की तिकडं किर्लोस्करवाडी आहे आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावातलं सायकलीचं दुकान आहे. 1888 साली ते सायकली विकत आणि लोकांना चालवायला शिकवतही. पुढं 1910 साली औंध संस्थाननं कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि तिथं लोखंडी नांगर निघू लागले. म्हणजे त्यांनी सायकलीतून पैसे काढून कारखाना उभा केला. मेव्हण्यानं पगारातून पैसे काढून सायकलीत घातले. दोन्हीत धाडस आहे, दिशा तेवढी उलटी.

औदुंबराला लागूनच अंकलखोप. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे इथले. 1880 मध्ये त्यांनी सर्कस उभी केली आणि ती पार परदेशापर्यंत नेली. ज्या गावात धडपणे पडायला एक उंचवटा नाही, तिथल्या माणसाच्या डोक्यात झुल्यावरून उड्या मारण्याचं खूळ शिरलं यात मला नवल वाटत नाही. माणूस करणार काय? उंची इथं हातानंच उभी करावी लागते.

दत्तावतारी नरसिंह सरस्वतींनी औदुंबराला एक चातुर्मास काढला आणि वाडीला बारा वर्षं. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटरचं. तेव्हा या वाटेवर मुक्काम लांबवायची परंपरा जुनी आहे. मी तीच पाळत होतो. मेव्हण्याचा मात्र हिशेब वेगळा होता. “पन्नास म्हणजे दोन तास,” तो म्हणाला आणि घड्याळातलं ॲप सुरू केलं.

पहिला अडथळा म्हणजे, नदीकाठानं जायचं आणि नदी दिसायची नाही. हे इथलं मोठं गुपित आहे. बाहेरचा माणूस येतो तो डोळ्यांपुढं काठ, वाळू, बगळे असं काहीतरी घेऊन. प्रत्यक्षात नदी आणि रस्ता यांच्यामध्ये ऊस उभा असतो आणि त्याची उंची दोन माणसांइतकी. डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, समोर रस्त्याची एक चीर आणि वर आभाळाची दुसरी. नदी आहे हे कळतं ते विजेच्या मोटारींच्या आवाजावरून. मेव्हणा दर पाच मिनिटांनी विचारायचा, “नदी कुठाय?” आणि मी प्रामाणिकपणे उसाकडं बोट दाखवायचो. खरंही आहे ते. नदी उसातच गेलेली असते.

दुसरा अडथळा वारा. डोंगरात चढ दिसतो तरी; माणूस मनाची तयारी करतो. सपाटीवर चढ येतो तो हवेतून आणि त्याला पाटी नसते. उभ्या उसाच्या आडोशानं आम्ही मजेत गप्पा मारत चाललेलो असायचो. मध्येच तोड झालेलं रान यायचं, पाचट पसरलेलं, आणि तिथल्या मोकळ्या पट्ट्यातून वारा असा येऊन आदळायचा की बोलता बोलता वाक्य मागं राहायचं. रान संपलं, ऊस सुरू झाला की पुन्हा शांत. कुणाचा ऊस तुटला आणि कुणाचा अजून उभा आहे हे सायकलवाल्याला मांड्यांतून कळतं. मेव्हण्याचे अठरा गिअर या कामी आले नाहीत असं नाही. पण प्रत्येक फडाला ते खाली-वर करताना त्याचा अंगठा दमला.

आणि हंगाम सुरू झालेला, त्यामुळे ट्रॅक्टर. एकामागं एक दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर हातभर आलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या सीटमागं असा स्पीकर की पुढचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याची आवड कळते. त्याला ओलांडायचं तर समोरून दुसरा येत असतो. मागं राहायचं तर गाणी ऐकावी लागतात. मेव्हणा मागं राहिला. भिलवडी येईपर्यंत दोन गाणी त्याला पाठ झाली होती आणि त्यातलं एक तो नंतर जेवताना गुणगुणत होता.

एका ठिकाणी शेतात सोडलेलं पाणी पाट फोडून रस्त्यावर आलेलं. काळी माती आणि पाणी एकत्र आली की काय होतं हे बघण्यासारखं असतं. मेव्हण्याच्या सायकलीला मडगार्ड नाही, त्यामुळे मागच्या चाकानं त्याच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ, सुबक रेघ ओढली. मी हसणार तेवढ्यात माझी सायकल जागच्या जागी उभी राहिली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल ठासून भरला होता, चाक फिरेना. ही माती हातानं निघत नाही. उसाचं कांडं घ्यायचं, मडगार्डच्या फटीत घालायचं, चाक उलटं फिरवत खरवडायचं, कांडं मोडलं की दुसरं घ्यायचं. शेताच्या मालकानंच कांडी पुरवली, वर दोन खायलाही दिली. “पुन्यास्नं आलासा व्हय?” त्यानं मेव्हण्याच्या पाठीकडं बघत विचारलं. पाठीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

सांगलीत शिरताना आयर्विन पूल येतो. 1929 सालचा, त्या वेळच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. पुलाला लागणारा चढ हा आमच्या दिवसातला सर्वोच्च बिंदू. तिथं मेव्हण्याच्या घड्याळानं बीप केलं आणि तो एवढा हरखला की उतरून फोटो काढून घेतला. तोवर ॲपनं चढाई म्हणून जे काही मोजलं होतं त्यात गतिरोधकांचा वाटा मोठा होता.

पुलाजवळच्या टपरीवर चहा घेतला. मेव्हण्यानं सहज म्हणून टाकलं की इकडं चढउतार काहीच नाही, जरा बोअर होतं. टपरीवरचे तिघं एकदम त्याच्याकडं वळले.

“चढ न्हाई? 2019 ला या, म्हनावं,” एकजण म्हणाला.

सांगलीत चढ माणूस चढत नाही, नदी चढते. या पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पावसाळ्यात इथला माणूस देवाच्या आधी आयर्विनची पातळी विचारतो. पुढचा अर्धा तास मेव्हण्याला नदीच्या खालच्या अंगाच्या आलमट्टीवर व्याख्यान मिळालं. धरण भरलं की पाणी 519.60 मीटरवर, आपलं गाव एवढ्यावर, मध्ये वळणं किती, विसर्ग किती, कोयनेतून सोडलं की किती तासांत येतं. बिस्किटाच्या पुड्यावर नकाशा निघाला. पुड्यातली बिस्किटं मध्येच कुणीतरी संपवली. उंचीचे आकडे हा स्वतःचा प्रांत आहे अशी मेव्हण्याची समजूत होती. ती तिथं निकालात निघाली. या लोकांनी आकडे व्यायामासाठी पाठ केलेले नव्हते. कपाट कुठल्या मजल्यावर न्यायचं हे त्यावरून ठरवायचं असतं.

हरिपूरला संगमेश्वराच्या मागं वारणा येऊन मिळते. तिथं आम्ही थांबलो, कारण तिथं न थांबणं शक्य नसतं. जमिनीखालची हळदीची पेवं बघायची मेव्हण्याला हौस होती. वर्षानुवर्षं हळद सांभाळणाऱ्या या पेवांत 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीचशी कामातून गेली. तेवढं सांगून मी त्याला पुढं काढलं. उशीर झाला तर वाडीला बासुंदी संपते.

वाडीची बासुंदी हा विषय मी इथं फार वाढवत नाही. दत्तदर्शन, घाटावर पाय धुणं आणि मग बासुंदी, कवठाची बर्फी, घरी न्यायला पेढे आणि पिशवीभर कृष्णाकाठची वांगी, असा क्रम आहे. वांगी ठेवायला कॅरिअर माझ्याकडंच होतं. ॲपचं म्हणणं असं की आम्ही चाललो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ थांबलो. मेव्हण्यानं ते कुणालाही पाठवलं नाही. उलट जळालेल्या उष्मांकांपुढं बासुंदीचे उष्मांक मांडून तो काहीतरी वजाबाकी करत बसला. उत्तर काही केल्या त्याला हवं तसं येईना.

“भाऊजी, आता वजनच करून बघायला पाहिजे,” तो म्हणाला.

हा शिरोळ तालुका. दर वर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद भरते आणि दर ठरेपर्यंत कांड्याला कोयता लागत नाही असा मुलूख. वजनकाट्यांना इथं तोटा नाही. रस्त्यालगतच एक खाजगी काटा रिकामा दिसला. मेव्हणा सायकलीसकट त्या लोखंडी फळीवर जाऊन उभा राहिला, पोट आत घेऊन. ट्रॉल्यांसाठी केलेल्या त्या विस्तीर्ण काट्याच्या मधोमध, पाठीवर काळी रेघ घेतलेला एक माणूस. खिडकीतल्या पोरानं वाकून पडद्याकडं बघितलं.

“नव्वद,” तो म्हणाला.

“नव्वद? अहो, शक्यच नाही. सायकल तर आठ किलोची आहे. घरून निघताना मी...”

“हितं धा-धा किलोनंच आकडा हलतोय साहेब,” पोरगं म्हणालं. “पन काळजी करू नगा. हीच गाडी कारखान्यावर न्या, ऐंशी भरंल.”

मेव्हण्यानं मला ताबडतोब विचारलं, कारखाना किती किलोमीटर आहे आणि रस्त्यात चढ तर नाही ना.