हिरव्या रंगाचे माहात्म्य

विकास आराखडा नावाचा जो रंगीत कागद नगर परिषदेच्या कचेरीत भिंतीवर टांगलेला असतो, त्याकडे पाहून आमच्या पुलगावकर बंधूंना जी उद्विग्नता येते, ती निव्वळ रसिकतेच्या अभावी येते, असे आमचे नम्र मत आहे. पिवळा रंग वस्तीचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा उद्यानांचा. पैकी तो कोवळा हिरवा रंग भर वैशाखात वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत अन्यत्र कोठे दृष्टीस पडत नाही, एवढ्यासाठी तरी नगररचना खात्याचे ऋण मानले पाहिजे.

वस्तुतः पुलगावचा घाट ठरविण्याचे काम कोणत्याही समितीस फारसे उरलेच नव्हते. नदीने एक बाजू अडविली, मुंबई-नागपूर लोहमार्गाने बाजारपेठेची जागा मुक्रर केली, कापडगिरणीने भोंग्याच्या हाकेवर वस्ती जमविली व पुढे स्वतः बंद पडून ती वस्ती तेवढी मागे ठेवली, आणि उरलेल्या क्षितिजावर मध्यवर्ती दारूगोळा भांडाराने काटेरी तार ओढली. अशा ठिकाणांभोवती २००० यार्डांपर्यंत इमारतीस मज्जाव करण्याचा अधिकार १९०३ चा एक कायदा सरकारला देतो. मे २०१६ मध्ये त्या भांडारात आग लागून माणसे प्राणास मुकली, त्यानंतर या अंतराचे प्रयोजन कोणास समजावून सांगावे लागत नाही, आणि विनोदालाही तेथे प्रवेश नाही.

राहता राहिली नागरी आरक्षणे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे १२७ वे कलम असे सांगते की, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाने नोटीस द्यावी, आणि त्यानंतरही ठराविक मुदतीत कोणी हालले नाही तर आरक्षण व्यपगत व्हावे. ही मुदत पूर्वी बारा महिन्यांची होती. २०१५ साली ती २४ महिने झाली, म्हणजे निजलेल्यास जागे करण्याऐवजी सरकारने त्याला आणखी एक उशी दिली. परिणामी ज्या बालकांनी घसरगुंडीवर खेळावे म्हणून एखाद्या खसऱ्यावर हिरवा रंग चढविला, ती बालके यथाकाल शिकून, नोकरीस लागून, लग्नकार्ये उरकून, त्याच खसऱ्यात हप्त्याने प्लॉट घेतात, आणि संध्याकाळी आपल्या मुलांना खेळावयास रस्त्यावर सोडतात.

आता लेआउटमध्ये कायद्याने ओपन स्पेस सोडलेली असतेच, असे कोणी म्हणेल. असते खरी. लाल आकडे रंगविलेले सिमेंटचे खांब जेथे संपतात, तेथे ती असते. प्रथम तेथे रेतीचा ढीग पडतो, मग शेंदूर लावलेला मारुती प्रकटतो, मग त्यावर टिनाचे छप्पर येते, आणि देवाला हरकत घेण्याची छाती कोणाही मुख्याधिकाऱ्यास होत नाही.

हरकतींचा विषय निघालाच आहे, तर प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत त्या लेखी द्यावयाच्या असतात, आणि नकाशाची नक्कल मागून ती हाती पडेपर्यंतचा काळही, अनुभवी लोकांच्या सांगण्याप्रमाणे, याच ३० दिवसांत मोजला जातो. पुढे नियोजन समिती अर्जदारास बोलावून त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेते. शांततेविषयी आमची तक्रार नाही.

ज्यांना इतके सोपस्कार सोसत नाहीत, ते गुंठे पाडून थेट घर बांधतात. आणि शासनाची करुणा अशी की, १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्यास जो अधिनियम झाला, त्याची मर्यादा २०२१ साली सरकवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणण्यात आली. ज्या गृहस्थांनी अकृषक परवानगीपासून नकाशामंजुरीपर्यंत प्रत्येक दाखल्यासाठी चकरा मारून, आकार भरून, रीतसर घर उभारले, त्यांच्या सांत्वनार्थ मात्र अद्याप कोणताही अधिनियम झालेला नाही.