सिगारेट सोडावी कशी : नवोदितांसाठी प्राथमिक धडे

प्रस्तुत धडे वीस-पंचवीस वर्षं नेमानं ओढणाऱ्यांसाठी आहेत. ओढण्यात तुम्ही कितीही मुरलेले असलात तरी न ओढण्यात अजून बालवाडीतच आहात, हे आधी मान्य करा. प्रवेशासाठी पात्रता एकच : ‘आपण मनात आणलं तर उद्या सोडू’ हे वाक्य निदान दोन साक्षीदारांसमक्ष उच्चारलेलं असावं.

पहिलं काम मुहूर्ताचं. पाडवा, एक जानेवारी, पन्नासावा वाढदिवस, मुलीची बारावी, काहीही चालतं. मुहूर्त जितका लांबचा तितका निर्धार पक्का वाटतो. शिवाय ‘आता थोडेच दिवस राहिले’ म्हणून मधल्या काळात रोजच्यापेक्षा दोन जास्त ओढायची सोय होते. डॉक्टर मंडळी मात्र येत्या दोन आठवड्यांतलीच तारीख धरा म्हणतात. आमच्या मते त्यातल्या त्यात श्रावण बरा. त्या महिन्यात मित्र ‘बसत’ नाहीत, आणि बसणं टळलं की निम्मी लढाई टळते. अट एवढीच, की गटारीला पुढच्या महिन्याभराचा कोटा संपवू नये.

आता साहित्य. बडीशेप, लवंग, वेलची हे सगळं तुमच्या खिशात आधीपासून आहे. आजवर ते वास लपवायला होतं, आता तोंड गुंतवायला वापरा. (वास कधीच लपला नव्हता. घरच्यांनी तो विषय सोडून दिला होता, इतकंच.) याशिवाय मेडिकलमधून निकोटीनचा गम आणा. इथे बहुतेकांचा पुरुषार्थ आडवा येतो : ‘गोळ्या-औषधं कशाला? आपली विल पॉवर आहे.’ नुसत्या विल पॉवरवर सोडणाऱ्या शंभर जणांतले पाच वर्षभर टिकले तरी पुष्कळ, असा जगभरचा अनुभव आहे. तुम्ही त्या पाचांतले असाल, तर इतकी वर्षं कशाची वाट पाहत होता?

गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा असतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला सहसा ४ चा लागतो, तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तो चिंगमसारखा कचाकचा चावला की उचक्या लागतात, घसा जळतो आणि ‘ह्यानं काही होत नाही’ असं जाहीर करून माणूस टपरीकडे वळतो. पद्धत अशी : हळू चावा, जिभेला चुरचुरलं की थांबा, गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. साधारण अर्धा तास. तंबाखूचा बार लावणाऱ्या मावसभावाला हे तंत्र तुमच्याआधी जमेल. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही.

चहावरून आठवलं. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा झपाट्यानं करतं. धूर थांबला की तेच चार कप अंगावर येतात. हात थरथरतो, झोप उडते आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला. म्हणून चहा निम्मा करा. ही सूचना पाळणं सिगारेटपेक्षा अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. ‘मला ओढल्याशिवाय होतच नाही’ हे तुमचं जुनं विधान अगदीच थाप नव्हतं, कारण निकोटीन आतड्यांना खरंच ढकलतं. कोमट पाणी, पपई, इसबगोल. दुसऱ्या संध्याकाळी बायको ‘ओढा हो एकदाची, पण शांत बसा’ असं म्हणाली, तर उपचार योग्य मार्गावर आहे असं समजा. तलफ येते तेव्हा वाटतं ही आता मुक्कामाला आली. प्रत्यक्षात ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात भांडी घासा. सिंक रिकामं होतं, आणि घरात जे आश्चर्य पसरतं त्यात पुढची तलफही निघून जाते.

खरी परीक्षा टपरीवर. पत्र्याच्या कडेला दोरीनं बांधलेला लायटर, शेजारी डब्यात रिकाम्या पाकिटांच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या, आणि तुम्ही दिसताच तोंडातून शब्द निघायच्या आत तुमच्या ब्रँडकडे गेलेला मालकाचा हात. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, ही बातमी त्या हातापर्यंत अजून पोचलेली नाही. रस्ता बदला. उधारी असेल तर ती मित्राच्या हाती पाठवा. स्वतः द्यायला गेलात तर वहीत नवी ओळ चढवूनच परताल.

काही पोटपंथांपासून सावध राहा. विकत घ्यायची नाही, फक्त दुसऱ्याची ओढायची, असं मानणारा एक पंथ आहे. त्यानं मित्र सुटतात, सिगारेट सुटत नाही. ‘लाइट’वाल्यांचा दुसरा. ते झुरके खोल मारून हिशेब बरोबर करतात. ई-सिगारेटवाल्यांचा तिसरा, पण तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासूनच बंदी आहे. सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागणारे तर फुप्फुसाचं ओझं गालावर टाकतात.

महिन्याभरानं कुणाच्या तरी लग्नात ‘आता सुटलीच आहे, एक ओढून बघू’ असा विचार येईल. धडा सोपा आहे : ती एक नसते. तरी ओढलीतच, तर ‘गेलं सगळं पाण्यात’ म्हणून पाकीट आणू नका. दुसऱ्या दिवशी १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर लावा. तो इतकी वर्षं पाकिटावर छापलेला आहे, पण फोटो बघवत नाही म्हणून तुम्ही तिकडे बघतच नाही.

‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा धडा इंग्लंडमधला आहे. तिथले संशोधक डॉक्टर रिचर्ड डॉल स्वतः ओढत असत. १९४९ च्या सुमारास फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे आकडे समोर येऊ लागले, तशी त्यांनी सिगारेट सोडली. पुढे १९५१ पासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली. २००४ साली हिशेब लागला : साठीत सोडली तर सरासरी ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तिशीत १०. आपलं वय बघून आपला आकडा काढा. श्रावणाची वाट पाहू नका.