पाऊण व्हायोलिन

व्हायोलिन मापानं मिळतं, हे लेकीसाठी ते घ्यायला गेलो तेव्हा कळलं. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. तिच्या हाताला पाऊण बसलं. आवाज मात्र पूर्णच निघतो.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात, हे ऐकून माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. "घोड्याची शेपटी तारंवर घासायची आन् त्याला गाणं म्हणायचं?" तिची सगळी हयात जनावरांत गेली. शेपटीकडून काही चांगलं निघतं, यावर तिचा विश्वास नाही.

शिकवणारे सर पुण्याहून फोनवर शिकवतात. एरवीचा रियाज माझ्याकडे. "तुम्ही नुसतं जवळ बसा आणि सुराकडे लक्ष ठेवा," असं त्यांनी सांगितलं. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर मात्र खूण म्हणून नाही. बोट केसभर सरकलं की गंधाराचा भलताच कुणीतरी होतो. म्हणून मी मोबाइलवर सूर दाखवणारा काटा लावून बसतो. काटा हिरवा झाला की मान डोलावतो. "बाबा, डोळे मिटून ऐका की!" लेक म्हणते. डोळे मिटले की मला सगळंच बरोबर वाटतं, ही खरी अडचण आहे.

निम्मा रियाज खुंट्या पिळण्यात जातो. खुंट्या लाकडाच्या. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी निसटते आणि आत्ताच लावलेला षड्ज सर्रकन खाली येतो. खडू घासला की जरा धरते. कोकणात म्हणे पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. आमच्या माण तालुक्यात हा प्रश्न उद्भवत नाही. दुष्काळी सवलतींच्या यादीत व्हायोलिनच्या खुंट्या कधी येतात, त्याची वाट बघतोय.

तसं सातारा जिल्ह्याचं पाणी या वाद्याला चांगलंच मानवलेलं आहे. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग १९२२ साली वाईत जन्मले. शेजारच्या खटाव तालुक्यातल्या औंधाला गजाननबुवा जोशी होते. वडील अंतुबुवा औंध दरबारचे गवई, बुवा स्वतः गायकही आणि व्हायोलिनवादकही. औंधचा संगीत महोत्सव १९४० साली सुरू झाला, तो अजून भरतो. आता वाईचं नि औंधाचं पाणी माणपर्यंत यायला उशीर होतो, त्याला कोण काय करणार? बुवा व्हायोलिन बरंचसं आपलं आपणच शिकले, हे मी लेकीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं गज खाली ठेवला. "मग तुम्ही कशाला बसता?"

पहिल्या आठवड्यात शेजारचे तात्या कुंपणापाशी येऊन थांबले. "पोरगी का रडतीया? मारलं का काय?"

"नाही तात्या, भूप चाललाय."

भूप म्हणजे घरातलंच कुणी असावं, अशा बेतानं त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि गेले. त्यांची म्हैस धारेला पान्हा चोरायला लागली, त्याचाही संशय काही दिवस भूपावरच होता. मग पेंड बदलली आणि म्हैस सुधारली.

परवा रियाज चालू असताना ते बादली घेऊन चालले होते. थांबले, कान दिला.

"आज कमी रडतीया," म्हणाले.

मी लगेच सरांना फोन लावला.