उत्तरेकडील मुलखाची मोजणी

आमचे साडू अण्णासाहेब भूमी अभिलेख खात्यात हयात घालवून निवृत्त झाले, म्हणजे खात्याने त्यांना सोडले. त्यांनी खात्याला अद्याप सोडलेले नाही. डोंगर दिसला की तो कोणाच्या नावावर लागला आहे याची ते चौकशी करतात, आणि नदी दिसली की ती गेल्या मोजणीनंतर किती सरकली असेल याचा अंदाज बांधतात. अशा गृहस्थाच्या संगतीत मी अलास्काच्या अरण्यप्रदेशात, आधी जहाजाने आणि पुढे मोटारीने, हिंडलो. आणि ज्या प्रदेशापुढे भल्याभल्या प्रवाशांना ‘विराट’ आणि ‘अनादि’ या विशेषणांखेरीज काही सुचत नाही, त्याचे दप्तर किती चमत्कारिक आहे हे मला त्यांच्यामुळेच उमगले.

घरून निघण्यापूर्वीच त्यांनी मूळ खरेदीखताला हात घातला होता. रशियाच्या झारने हा मुलूख १८६७ साली अमेरिकेला ७२ लक्ष डॉलरांस, म्हणजे एकरी सुमारे २ सेंट या दराने, विकून टाकला. आणि हा सौदा घडवून आणणारे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांची, सरकारी पैशाने बर्फ विकत घेणारा गृहस्थ म्हणून, त्यांच्याच देशबांधवांनी यथेच्छ टवाळी केली.

“दर वाजवी आहे,” अण्णासाहेब म्हणाले, “पण प्रत्यक्ष कब्जेदारांना नोटीस बजावली होती काय?”

बजावली नव्हती. त्लिंगित, हैडा इत्यादी लोकांची तेथे हजारो वर्षांची वहिवाट होती, आणि रशियाचा अंमल किनाऱ्यावरील मोजक्या ठाण्यांच्या फारसा पलीकडे कधी पोचलाच नव्हता. तेव्हा विकणाऱ्याने जे पुरते पाहिलेही नव्हते ते घेणाऱ्याने न पाहता घेतले, आणि या हरकतीची तड लागावयास १९७१ साल उजाडले, ज्या साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ४ कोटी ४० लक्ष एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर मूळ रहिवाशांच्या मंडळ्यांकडे सोपवले.

“एकशे चार वर्षे,” बोटांवर हिशेब करून अण्णासाहेब म्हणाले. “आमच्या तालुक्याच्या मानाने फार विलंब म्हणता येणार नाही.”

बेलिंगहॅमच्या बंदरात आम्ही जहाजावर चढलो. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरलेले असल्यामुळे गावागावांना जोडणारा रस्ता बांधणे अशक्यप्राय. म्हणून तेथील सरकारने १९६३ पासून स्वतःची जहाजे सुरू करून समुद्रालाच राजमार्गाचा दर्जा दिला आहे, आणि या जहाजांना हिमनद्यांचीच नावे द्यावीत असा चक्क कायदा आहे. पहिले बंदर केचिकन, तेथवर सुमारे ३८ तासांचा पल्ला. ज्यांना खोली परवडत नाही असे प्रवासी वरच्या डेकवर तंबू ठोकतात. पोलादात खुंटी शिरत नाही म्हणून ते चिकटपट्टीने जमिनीला डकवतात. आम्ही त्याच डेकवरच्या काचेच्या छपराखाली, लांब आरामखुर्च्यांवर बिछाने पसरले. तेथे वरून विजेच्या शेगड्यांची आच आणि मागून उत्तरेकडल्या समुद्राचा वारा अशी व्यवस्था असल्यामुळे मनुष्याची एक कूस भाजून निघते आणि दुसरी गोठते, आणि कूस पालटण्यापलीकडे रात्रभर दुसरा उद्योग उरत नाही. अण्णासाहेबांनी मात्र आल्याआल्या पावलांनी आपली जागा मोजली, आणि एका कोपऱ्यास छत्री, दुसऱ्यास वहाणा, तिसऱ्यास पाण्याची बाटली व चौथ्यास माझी पिशवी अशी हद्दनिशाणे कायम करून ते निश्चिंत झोपी गेले. पहाटे वाऱ्याने एका विद्यार्थ्याचा तंबू, आतील विद्यार्थ्यासह, घसरत येऊन छत्रीच्या अलीकडे दोन हातांवर थबकला. तो बिचारा चिकटपट्टी शोधत असताना अण्णासाहेबांनी त्याला अतिक्रमणाची तोंडी समज दिली, आणि नंतर स्वतःच त्याचा तंबू धरून ठेवला.

केचिकनला दरसाल दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथील लोक हे मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु गगनबावड्यास नोकरी केलेल्या माणसावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो जुनोचा. जुनो ही राज्याची राजधानी. विधिमंडळ तेथे, सचिवालय तेथे, आणि बाहेरून तेथे येणारा रस्ता मात्र एकही नाही. विमानाने उतरावे, नाहीतर जहाजाने लागावे. गावातला रस्ता काही मैल डौलाने जातो आणि झाडीपाशी संपतो. रस्ता मिळावा म्हणून राजधानीकडे अर्ज करणारी गावे अण्णासाहेबांनी आयुष्यभर पाहिली होती. राजधानीनेच अर्ज करावा तर कोणाकडे, या विचाराने ते दुपारभर अस्वस्थ होते.

त्याहून मोठा धक्का त्यांना ग्लेशियर बेच्या हकीकतीने बसला. १७९४ साली इंग्रज कप्तान व्हँकूव्हरच्या खलाशांनी या भागाचा नकाशा काढला तेव्हा तेथे उपसागर असा जवळजवळ नव्हताच, समोर केवळ बर्फाची भिंत होती. १८७९ साली निसर्गाभ्यासक जॉन म्यूर पोचला तेव्हा ती भिंत चाळीसाहून अधिक मैल मागे हटली होती आणि मध्ये आरमार मावेल एवढे पाणी पसरले होते. बर्फाचा भार उतरल्यामुळे तेथील जमीन अजूनही दरसाल सुमारे इंचभर वर येत आहे, किनाऱ्यालगतच्या मालकांना समुद्रातून नवी जमीन आयती मिळत आहे, आणि गस्टेव्हस गावी अशा वर आलेल्या जमिनीवर गोल्फचे मैदानही झाले आहे.

“आणि फेरफाराची नोंद?” अण्णासाहेबांनी क्षीण स्वरात विचारले.

स्कॅगवेला जहाज सोडून आम्ही मोटार भाड्याने घेतली. १८९७-९८ साली क्लोंडाइकच्या सोन्यासाठी हजारो लोक या गावी उतरले, आणि चिलकूटच्या खिंडीतल्या कॅनडाच्या पोलिसांनी, वर्षाची बेगमी म्हणजे सुमारे टनभर सामान जवळ असल्याखेरीज कोणास पुढे सोडावयाचे नाही, असा हुकूम काढला. एवढा बोजा एका खेपेस वाहणे अशक्य, म्हणून माणसे तीच चढण पुनःपुन्हा चढली. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडी मेली. आणि बहुतेकांच्या हाती सोने लागले नाही. ही कहाणी ऐकून मी विषण्ण झालो. अण्णासाहेब म्हणाले की हुकूम रास्त होता, कारण तो नसता तर तीच माणसे पलीकडे उपाशी मेली असती. आणि यावर मला उत्तर सुचले नाही.

खिंड ओलांडून आम्ही कॅनडात शिरलो आणि व्हाइटहॉर्सवरून पश्चिमेकडे वळलो. वाटेत मिळालेल्या पत्रकात अस्वलांविषयी सूचना होत्या: तपकिरी अस्वल अंगावर आल्यास पालथे पडून मेल्याचे सोंग घ्यावे, काळे आल्यास जिवाच्या कराराने लढावे, मात्र तपकिरी अस्वल काळे आणि काळे अस्वल तपकिरी असू शकते, यास्तव रंगावर न जाता खांद्यावरील वशिंड व चेहऱ्याची ठेवण पाहून खात्री करावी. क्लुआनी सरोवराच्या अलीकडे असेच एक जनावर रस्त्याकडेची पिवळी फुले ओरबाडून खात होते. आम्ही काचा चढवल्या, आणि अण्णासाहेब पत्रक मोठ्याने वाचू लागले. वशिंड आहे की केस उभे आहेत, यावर आमचा मतभेद झाला; चेहरा तर ते वर करीना. ओळख पटल्याशिवाय पुढील कार्यवाही करता येत नाही या मुद्द्यावर चर्चा आली असताना अस्वलाने ती फुले संपवली, आमच्याकडे पाठ केली आणि झाडीत निघून गेले.

ज्या रस्त्यावर हे घडले तो १९४२ साली, जपानच्या धास्तीने, दहा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांनी काही महिन्यांत अरण्य फोडून काढला. त्यांतले सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींतले होते. अभियंत्यांनी वरचे शेवाळ खरवडताच खालची सदैव गोठलेली जमीन वितळून रस्ता चिखलात बसला. तो खाक्या अजून चालूच आहे: दर हिवाळ्यात डांबर फुगते, दर उन्हाळ्यात खचते, आणि उन्हाळाभर दुरुस्तीची माणसे हातात निशाण घेऊन मोटारी थांबवतात. अण्णासाहेब प्रत्येक उसळीला छपरास हात लावून येत. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही.

बीव्हर क्रीकला कॅनडाचा जकात नाका लागतो, आणि सरहद्द त्यापुढे तब्बल ३० किलोमीटरवर आहे, त्यामुळे मधल्या पट्ट्यात मनुष्य नाक्याच्या हिशेबी देशाबाहेर आणि नकाशाच्या हिशेबी देशात असतो. ही सरहद्द म्हणजे १४१ वे रेखावृत्त. १८२५ साली रशिया व इंग्लंड यांनी, मधला मुलूख न पाहताच, कागदावर रेघ ओढून ती ठरवली. ती जमिनीवर दिसावी म्हणून दोन्ही देशांचा संयुक्त आयोग जंगल कापून २० फूट रुंदीची सरळ पट्टी राखतो. अण्णासाहेब उतरले. दक्षिणेस पाहिले, उत्तरेस पाहिले. टेकडी आली तरी पट्टी ढळलेली नव्हती. हिमनद्यांसमोर पिशवीत राहिलेला कॅमेरा त्यांनी येथे प्रथम बाहेर काढला.

अमेरिकेच्या नाक्यावरील तरुण अधिकाऱ्याने, जाहीर करण्यासारखे काही आहे काय, असे विचारले. अण्णासाहेबांनी उलट त्यालाच, पट्टी किती वर्षांनी साफ करतात, रोपे वाढल्यास जबाबदारी कोणाची आणि हद्दीचे खांब हलल्यास पंचनामा कोण करतो, असे तीन प्रश्न विचारले. मागे मोटारींची रांग लागली. अधिकाऱ्याने पासपोर्टांवर शिक्के उमटवले, खांदे उडवले आणि सांगितले की ते खाते वेगळे आहे, त्याची आपल्याला काही माहिती नाही.

“पाहिलंत?” मोटारीत बसताना अण्णासाहेब म्हणाले. घरून निघाल्यापासून त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी पाहिला नव्हता.