तिकडची हवा बाधेल!

नोव्हेंबरात आम्ही गोव्याला निघालोय ही बातमी सोसायटीत फुटली आणि अख्खं नोएडा आमच्या प्रकृतीच्या काळजीने खोकू लागलं.

"तिकडे डेंग्यू असतो हं," चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले. मास्क खाली ओढून म्हणाले, म्हणून ऐकू आलं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसाढवळ्या चावतो, ही माहितीही त्यांचीच. त्यांच्या गॅलरीतला कूलर दिवाळी उलटली तरी भरलेला आहे, हे मी बोललो नाही. शेजारधर्म!

मग सांगलीहून आईचा फोन. "समुद्रात उतरू नकोस रे, जेलीफिश डसतात. डसलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं." बरं, म्हटलं. इथे कालिंदी कुंजला छठपूजेच्या वेळी माणसं यमुनेच्या पांढऱ्या फेसात उभी राहतात. साबण आणि सांडपाण्याचा फेस तो. त्यात जेलीफिश औषधालाही सापडायचा नाही. त्यालाही जीव आहे.

आमच्या हिने तर इतिहासच काढला. म्हणे कॉलरा-मलेरियाने जुनं गोवं ओस पडलं, आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. पोर्तुगीज उतावळेच. एवढ्यातेवढ्यावरून राजधानी हलवतात होय? आम्ही प्युरिफायरचा फिल्टर बदलतो, शाळा ऑनलाइन करतो आणि सेक्टर 62 चा आकडा बघत बसतो. सरकारी मोजपट्टी 500 ला संपते. त्यापुढची हवा बहुधा फुकट.

शेवटी ओआरएस, ओडोमॉस, सनस्क्रीन, तापाच्या गोळ्या अशी निम्मी बॅग औषधांनीच भरली. सनस्क्रीन सूर्यासाठी असतं, हे मुलाला समजावून सांगावं लागलं.

गोव्यात खरा धोका दिसला तो दारू ढोसून लाटांशी कुस्ती खेळणाऱ्यांना. जीवरक्षक शिट्ट्या फुंकून दमले होते. त्यांच्या शिट्ट्या ऐकताना वाटलं, काय छाती असेल!

तिसऱ्या दिवशी आईचा पुन्हा फोन. "तब्येत कशी आहे? खोकला-बिकला?"

"नाही ना," मी म्हणालो. "सकाळपासून घशाला अगदी चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, तिकडची हवा बाधेल? उद्याच्या उद्या घरी जा."